गोधडी ऑनलाइन विकायची? आधी वर्णनातली ‘आजीची माया’ काढा

फोटो झालेत, किंमत ठरली आहे, कुरिअरचा खर्च त्यात धरला आहे, असं समजून पुढे लिहिते. उरलं वर्णन, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.

माझं पहिलं वर्णन होतं: ‘आजीच्या मायेची ऊब देणारी, परंपरा जपणारी, प्रेमाने शिवलेली मऊशार गोधडी.’ दोन महिने एकही विकली गेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न मात्र रोज यायचे. किती बाय किती? आत कापूस आहे का? मशीनला धुतली तर चालेल? नागपूरच्या एका बाईंनी तर विचारलं, ‘मे महिन्यात कूलरसमोर अंगावर घेता येईल, की घाम फुटेल?’

या प्रश्नांची उत्तरं लिहिली की वर्णन झालं. जुने मेसेज उघडा, एकच गोष्ट दोघांनी विचारली असेल तर तिचं उत्तर वर्णनात गेलंच पाहिजे.

नाव: वस्तू, कापड, माप, याच क्रमाने. मोबाइलवर पुढचं कापलं जातं. साताऱ्या-कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक ‘वाकळ’ शोधतं, बाळंतिणीची आई ‘दुपटं’. लागू असेल तो शब्द खाली एकदा येऊ द्या.

आता माप. इथे मी मार खाल्ला आहे. शिवण्याआधी कापड मोजून ६० × ९० इंच लिहून ठेवलं होतं. पण हाताचा धावदोरा कापड ओढून घेतो, आणि ओळी जितक्या जवळ तितकं ते आखडतं. गिऱ्हाइकाने टेप लावून फोटो पाठवला: ५७ × ८६. पैसे परत केले, कुरिअर दोन्ही वेळचं माझ्या खिशातून.

तेव्हापासून गोधडी शिवून, एकदा धुऊन, वाळवून, फरशीवर पसरून मोजते, आणि मोजते मध्यावर, कारण कडा लाटेसारख्या वर-खाली होतात. जुन्या साड्या धुऊन धुऊन आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात. कोरं सुती कापड वापरत असाल तर धुण्याची पायरी गाळूच नका. इंचांसोबत सेंटिमीटर द्या. नुसतं ‘सिंगल’ किंवा ‘डबल’ लिहू नका, घरोघरीचे पलंग वेगळे. त्यापेक्षा ‘साडेपाच फुटी माणसाला पायाखाली दुमडून उरते’ हे कुणालाही कळतं.

वजन स्वयंपाकघरातल्या नव्हे, भाजीवाल्याच्या काट्यावर करा.

खोट लपवू नका. ‘हस्तनिर्मित असल्याने किंचित फरक संभवतो’ हे वाक्य मला अगदी नकोसं झालंय. त्यातून कुणाला काय कळतं? रफू कुठे आहे, टाके कुठे वाकडे गेलेत, ते लिहा आणि त्या जागेचा फोटो द्या. साड्या वापरलेल्या आहेत हे तर पहिल्याच ओळीत हवं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तिथूनच परत गेलेलं बरं.

जरीचा काठ दिसला म्हणून ‘पैठणी’ लिहू नका. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरलेल्या भागात बनलेल्या मालालाच ते लावता येतं, आणि जाणकार बाई एका नजरेत ओळखते.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू कोणत्या देशातली आणि परत घेण्याच्या अटी काय, हे द्यावं लागतं. दोन ओळींचं काम.

शेवटी वर्णन कुणालातरी फोनवर वाचून दाखवा. मी मावशीला दाखवते. तिने मध्येच ‘पण धुवायची कशी?’ विचारलं तर ते राहिलेलं असतं. परवाचं तिने न टोकता ऐकलं:

‘गोधडी, वापरलेल्या सुती साड्यांची, ५७ × ८६ इंच (१४५ × २१८ सेंमी). तीन थर, आत कापूस नाही. वजन १ किलो १०० ग्रॅम. पंख्याखाली बारा महिने चालते. कडाक्याच्या थंडीत एकटी पुरणार नाही. वरची साडी गर्द हिरवी, काठ लाल, मागची बाजू पिवळी. मागे डाव्या कोपऱ्यात बोटभर रफू, चौथा फोटो पाहा. लाल रंग थोडा जातो, पहिल्या दोन वेळा वेगळी, गार पाण्यात धुवा. भारतात बनवलेली. आवडली नाही तर सात दिवसांत परत, कुरिअर तुमचं.’