गजकर्णावर ट्यूब लावताय? या चुका टाळा

पावसाळ्यात मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "खाज येतेय, एखादी चांगली ट्यूब द्या." ट्यूब मिळतेही, आणि गजकर्ण चिघळायला बऱ्याचदा तिथूनच सुरुवात होते.

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग. चट्टा गोलसर, कडा लालसर आणि जरा उंच, त्यावर बारीक पापुद्रे, मधला भाग त्यामानाने स्वच्छ. घाम साचतो तिथे तो जास्त होतो: जांघेत, काखेत, परकराची नाडी घट्ट बसते तिथे कमरेभोवती.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्टेरॉइड मिसळलेलं मलम. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचाच. क्लोबेटॅसॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नका. स्टेरॉइडने सूज आणि खाज दबते, दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्वचेचा प्रतिकारही दबतो आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की खाज पुन्हा उसळते, म्हणून माणूस परत तीच लावतो. चट्ट्याची ओळखीची कडा पुसट होते, निदान अवघड होतं. जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरट रेघा उमटतात, त्या कायमच्या राहतात. अशी ट्यूब आधीच वापरली असेल तर ती फेकू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सोबत न्या. गरज वाटली तर ते चट्ट्याचे पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

दुसरी चूक, खाज थांबली की औषध बंद करणं. बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे साधारण २ सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. लसूण, चुना चोळून कातडी भाजते, बुरशी तशीच राहते.

घरात आणखी कुणाला खाज आहे का, हे लाजेपोटी विचारलंच जात नाही. सगळ्यांवर एकाच वेळी उपचार झाले नाहीत तर संसर्ग घरातल्या घरात फिरत राहतो. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. पावसात ऊन नसेल तर शिवणींवरून इस्त्री फिरवा. दमट अंतर्वस्त्रं, घट्ट जीन्स नकोत.

लहान मुलाच्या डोक्यात खपल्या धरून केस जात असतील तर मलमावर वेळ घालवू नका. तिथे बुरशी केसाच्या मुळाशी असते, मलम तिथवर पोचत नाही. पोटातून औषध लागतं, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनीच ठरवलेलं.