हसवायचे, पण भीती पातळ होऊ द्यायची नाही

भयपट आणि विनोद एकत्र आणण्याचे प्रयत्न बहुधा एकाच ठिकाणी फसतात. लेखक भीतीत थोडे पाणी घालतो, विनोदातही थोडे घालतो, आणि जे हाती येते त्याने ना अंगावर काटा येतो, ना हसू फुटते. जुन्या साहित्यशास्त्राने हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले ते उगाच नव्हे; हसणारा माणूस सैल होतो आणि घाबरलेला आखडतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडणे अवघड असते. मात्र एकापाठोपाठ एक, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, त्या नक्कीच घडू शकतात. हे कसे साधावे याचा माझ्या मते सर्वांत चांगला धडा जॉन लँडिस यांच्या १९८१ सालच्या ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ या चित्रपटात आहे. पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाची गोष्ट लिहू किंवा चित्रित करू पाहणाऱ्याने तो वही घेऊन पाहावा. त्या वहीत काय टिपावे, ते येथे मांडतो. ओघात चित्रपटाचा शेवटही उघड होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

लँडिस यांनी ही पटकथा १९६९ मध्ये लिहिली, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. युगोस्लाव्हियात एका युद्धपटाच्या चित्रीकरणावर पडेल ते काम करत असताना त्यांना रस्त्यात रोमा (जिप्सी) लोकांचा एक दफनविधी दिसला. मृताने पुन्हा उठून येऊ नये म्हणून प्रेताला लसणाच्या माळा घालून ते चौरस्त्यावर पुरले जात होते. परक्याला हसू यावे असा तो प्रकार होता, पण करणारे कमालीचे गंभीर होते. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ पटकथा पडून राहिली, कारण पैसा लावणाऱ्यांना ती विनोदी म्हणावी तर फार भीतिदायक आणि भयपट म्हणावा तर फार गमतीची वाटत होती. असा शेरा तुमच्या पटकथेवर आला, तर घाबरून दोन्हींची धार कमी करू नये. त्याऐवजी घर कोणाचे आणि पाहुणा कोण, एवढे स्वतःशी ठरवून टाकावे. लँडिस स्वतः या चित्रपटाला भयपटच म्हणत आले आहेत. विनोद तेथे पाहुणा आहे, आणि पाहुण्याने घरातल्या वस्तू हलवायच्या नसतात.

यातून पहिला नियम निघतो तो असा, की आपण विनोदी चित्रपटात आहोत हे पात्रांना ठाऊक असता कामा नये. डेव्हिड आणि जॅक हे दोन अमेरिकन तरुण पाठीवर सामान टाकून इंग्लंडमधील ओसाड माळरानातून चालले आहेत. ‘द स्लॉटर्ड लॅम्ब’ नावाच्या पबमध्ये ते शिरतात आणि भिंतीवरच्या पाच टोकांच्या चांदणीविषयी जॅक विचारतो, तशी सगळी खोली चिडीचूप होते. बाहेर पडताना रस्ता सोडू नका, चंद्रापासून जपा, असे त्यांना बजावले जाते. पुढे दोघे गप्पांच्या नादात रस्ता सोडतात, दूरवर काहीतरी विव्हळते, आणि भीती लपवण्यासाठी ते एकमेकांची टिंगल करू लागतात. हा विनोद पात्रांचा आहे, लेखकाचा नाही. घाबरलेली तरुण पोरे असेच बोलतात. मग डेव्हिड धडपडतो, दोघेही दचकतात आणि सुटकेचे हसतात, जॅक त्याला उठवायला हात पुढे करतो, आणि नेमक्या त्या क्षणी जनावर जॅकवर झेप घेते. त्यापुढे एकही गंमत नाही. जॅकच्या किंकाळ्या ऐकवत नाहीत इतक्या लांबतात, डेव्हिड मित्राला टाकून पळतो आणि मग लाजून परत फिरतो, तेव्हा जनावर त्यालाही चावते. हल्ला हसण्याच्या शेवटच्या सुरावर ठेवला आहे, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहावे. प्रेक्षकाने नुकताच श्वास सोडलेला असतो, आणि पुन्हा घेण्याआधीच त्याला गाठायचे असते.

मग हसू आणायचे कोठून? शाब्दिक कोट्यांतून आणू नये, आणि राक्षसाला बावळट करून तर मुळीच आणू नये. लांडगा हास्यास्पद ठरला की त्याच्या दातांची किंमत शून्य होते. हसू येते ते भयंकर परिस्थितीतही माणसे आपला रोजचा शिष्टाचार सोडत नाहीत यातून. लंडनच्या रुग्णालयात डेव्हिडसमोर न्याहारीचा ट्रे आहे आणि मेलेला जॅक खोलीत येऊन उभा राहतो. त्याचा गळा फाटलेला आहे, मांसाची एक चिंधोटी बोलताना लटलट हलते आहे, आणि तो विचारतो काय, तर टोस्टचा एक तुकडा घेऊ का. त्यानंतर तो स्वतःच्या अंत्यविधीची हकीकत सांगतो, त्याला आवडणाऱ्या मुलीचे सांत्वन दुसऱ्याच एका मुलाने कसे केले याची तक्रार करतो, आणि मेलेल्यांची संगत फार कंटाळवाणी असते असेही ऐकवतो. ग्रिफिन डन या नटाने हे सारे मित्राच्या सहज, किंचित चिडक्या सुरात म्हटले आहे. भुताचा घोगरा आवाज नाही की डोळे वटारणे नाही. तुमच्या नटांकडूनही हेच करून घ्यावे. रंगभूषा जितकी बीभत्स, तितका सूर घरगुती हवा.

आणि एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. या गप्पांच्या पोटात कथेचा सर्वांत क्रूर निरोप दडलेला आहे: डेव्हिड आता लांडगा होणार, तो माणसे मारणार, आणि त्याने स्वतःचा जीव दिल्याशिवाय हा वारसा तुटणार नाही. प्रेक्षक टोस्टवर हसत असताना ही माहिती त्याच्या गळी उतरते. नियमांची जंत्री एखाद्या म्हाताऱ्या जाणकाराच्या तोंडी घालण्याची जुनी रीत आहे. तिच्यापेक्षा ही युक्ती कितीतरी सरस आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, तुमचा नायक पहिल्या पौर्णिमेनंतर पहाटे घरी आला आहे, रात्रीचे त्याला काहीच आठवत नाही, आणि दार वाजते. शेजारीण हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोचा कागद घेऊन उभी आहे. कच्च्या लेखकाचा नायक येथे चुरचुरीत काहीतरी बोलतो, म्हणजे ‘कालचे जेवण जरा जड झाले’ अशा जातीचे. प्रेक्षक हसतो, पण त्याच क्षणी नायकाला आपल्या कृत्याची पर्वा नाही हेही त्याला कळते, आणि पुढच्या अर्ध्या तासाची भीती त्या एका वाक्यापायी बुडते. आता दुसऱ्या पद्धतीने लिहून पाहू. शेजारीण म्हणते, “रात्री खूप भुंकत होता, मग एकदम गप्प झाला. तुमचा फार लळा होता हो त्याला.” नायकाला खरोखर वाईट वाटते. तो म्हणतो, “थांबा, मीही येतो शोधायला.” बूट घालता घालता त्याची जीभ मागच्या दाढेशी अडकलेल्या कशाला तरी लागते, आणि तो तोंडातून पट्ट्याची छोटी पितळी चकती काढतो. शेजारीण जिन्यातून हाक मारते, “येताय ना?” तो चकती खिशात टाकतो आणि जातो. या प्रसंगात विनोदी असे एकही वाक्य नाही. हसू येईल ते त्याच्या सभ्यपणामुळे, आणि पोटात गोळा येईल तोही त्याच कारणाने.

रूपांतराचा प्रसंग हा अशा कोणत्याही चित्रपटाचा कणा असतो आणि नवखे दिग्दर्शक नेमके तेथेच अंधाराचा आश्रय घेतात. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये लॉन चेनी ज्युनिअर यांचा बदल एका चित्रावर दुसरे चित्र विरघळवून दाखवला होता, त्यात वेदनेला जागा नव्हती. लँडिस यांनी उलट केले. डेव्हिड नर्स अ‍ॅलेक्सच्या घरी एकटा आहे, ती रात्रपाळीला गेली आहे, आणि बराच वेळ तो नुसता कंटाळतो, घरभर येरझाऱ्या घालतो, खाण्याचे काही आहे का ते पाहतो. हा कंटाळा आवश्यक आहे, कारण त्यामुळे ते घर खरे होते. मग अचानक अंगाची आग आग होते, तो कपडे फाडून काढतो, आणि दिव्यांच्या लख्ख उजेडात त्याचा तळहात त्याच्याच डोळ्यांदेखत लांबत जातो. रंगभूषाकार रिक बेकर यांनी त्यासाठी आतून ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम त्वचेचे हात आणि मस्तके बनवली होती. केस उगवताना दिसावेत म्हणून ते त्वचेतून आत ओढून घेतले आणि ती फिल्म उलटी चालवली. काही शॉटसाठी डेव्हिड नॉटन या नटाचे खरे शरीर जमिनीखाली दडवून वर खोटे धड जोडले. ऑस्करमध्ये रंगभूषेचा नियमित स्पर्धात्मक पुरस्कार सुरू झाला, तेव्हाचा पहिला मान या कामाला मिळाला.

पण मला तेथे तंत्राइतकीच मोलाची वाटते ती विनोदाची मात्रा. एवढ्या यातनांमध्ये दोनच कण टाकले आहेत. डेव्हिडने आधी जॅकला मांसाचा गोळा म्हणून हिणवलेले असते. आता हाडे कडकडत असताना तो ओरडून त्याबद्दल जॅकची माफी मागतो. आणि मध्येच कॅमेरा क्षणभर मिकी माऊसच्या एका छोट्या बाहुलीकडे वळतो, जी हसऱ्या तोंडाने सगळे पाहत असते. तिसरा कण टाकला असता तर प्रसंग कोसळला असता. मीठ घालताना हात आखडता ठेवावा तसे येथे करावे. नटाला मात्र वेदना पूर्ण शक्तीने करू द्यावी, तेथे काटकसर नको.

संगीताविषयी थोडक्यात. या प्रसंगावर सॅम कूक यांच्या आवाजातले ‘ब्लू मून’ हे संथ, गोड गाणे वाजत राहते. एल्मर बर्नस्टीन यांचे पार्श्वसंगीत चित्रपटात फार थोडे आहे आणि निवडलेल्या गाण्यांच्या नावांत चंद्र आहे. समोर काय चालले आहे याची खबरच नसलेले संगीत निवडावे, एवढाच त्याचा अर्थ. विनोदी जागी टुणटुण वाजणारे वाद्य वापरले, तर हसण्याची आज्ञा दिल्यासारखे होते, आणि आज्ञेने कोणी हसत नाही. स्वप्नातून जागे झाल्यावर तेही स्वप्नच निघणे, ही युक्तीही या चित्रपटात आहे आणि जबरदस्त लागू पडते, पण ती एकदाच वापरण्याजोगी आहे. दुसऱ्यांदा प्रेक्षक आपल्या पुढे गेलेला असतो.

यानंतर येतो हिशेब, आणि माझ्या अनुभवात बहुतेक पटकथा येथेच कच खातात. रूपांतरानंतरच्या सकाळी डेव्हिड प्राणिसंग्रहालयात लांडग्यांच्या पिंजऱ्यात नागडा जागा होतो, लहान मुलाचे फुगे घेऊन अंग झाकतो, बाईचा कोट चोरून बसने घरी येतो. हा चित्रपटातला सर्वांत मोकळा विनोद आहे, पण आदल्या रात्री काय घडले ते आपण पाहिलेले असते. टॉटनहॅम कोर्ट रोड या भुयारी स्थानकात एका एकट्या प्रवाशाचा पाठलाग झालेला असतो, आणि तेथे विनोद नावालाही नव्हता. लांडगाही फक्त क्षणभर, सरकत्या जिन्याच्या तळाशी, दुरून दिसला होता. पुढे पिकॅडिली सर्कसजवळच्या एका अश्लील चित्रपटगृहात जॅक सगळ्या मृतांना डेव्हिडसमोर आणून बसवतो. ते रक्तबंबाळ लोक त्याने जीव कसा द्यावा यावर सभेत बसल्यासारखी सूचना करतात, एक जोडपे तर अगदी उत्साहाने. हसता हसता लक्षात येते, की ही त्याने मारलेली माणसे आहेत आणि त्यांना नावे, संसार, राग आहेत. ज्या बळींवर आपण नजर टाकून पुढे गेलो, त्यांना परत आणून बोलते करावे. हसण्याची किंमत अशी वसूल होते. जॅकचे शरीरही भेटीगणिक अधिक सडत जाते आणि शेवटी सांगाडाच उरतो, त्यामुळे त्याच्या थट्टेला प्रत्येक वेळी कमी तोंड शिल्लक असते. तुमच्या कथेतही विनोदी पात्राला असे झिजवता येते का, ते अवश्य पाहावे.

शेवटाकडे विनोद हळूहळू मागे घ्यावा. लँडिस यांनी तो एका गल्लीत पुरता थांबवला आहे: अ‍ॅलेक्स लांडग्याशी बोलते, तो क्षणभर थबकतो, मग झेपावतो, गोळ्या सुटतात, आणि डेव्हिडचा नागडा मृतदेह व तिचे रडणे दिसते न दिसते तोच चित्र तुटून द मार्सेल्स या गायकवृंदाचे उडत्या चालीतले ‘ब्लू मून’ श्रेयनामावलीवर सुरू होते. सांत्वनाचे दृश्य नाही, उपसंहार नाही. काहींना हा शेवट तुटक वाटतो. मला तो अगदी योग्य वाटतो, कारण दुःख पचवायला वेळ दिला असता तर त्या गाण्याचा ओरखडा उठला नसता.

तुमचे संकलन झाले की पाच-सहा अनोळखी माणसांना चित्रपट दाखवावा आणि पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहावे. जेथे हशा पिकतो, तेथपासून पुढच्या दचक्यापर्यंतची सेकंदे मोजावीत. ती फार झाली, तर हसणे विरून प्रेक्षक सावध झालेला असतो, तेव्हा मधला भाग कापावा. आणि जेथे लांडग्यालाच लोक हसले, तेथे विनोद न काढता लांडगा काढावा; बहुधा तो गरजेपेक्षा जास्त वेळ दिसत असतो.