जीवशास्त्राचा प्राध्यापक घ्यायचाय? आधी टाइमटेबल उघडा

आमच्या प्राणिशास्त्र विभागात यंदा पुन्हा सहायक प्राध्यापकाची जागा भरायची आहे. मागच्या वेळी भरली होती. फळमाश्यांच्या जनुकशास्त्रात पीएच.डी. केलेल्या मॅडम होत्या. बी.एस्सी.च्या मुलांना घेऊन संशोधन करायचं म्हणूनच मोठ्या शहरातली संधी सोडून आमच्याकडे आल्या होत्या. दोन सेमिस्टर राहिल्या आणि राजीनामा देऊन गेल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. विभागप्रमुख म्हणून मी जी एक गोष्ट आधी करून ठेवायला हवी होती, ती केली नव्हती. म्हणून ही यादी. ज्यांच्या महाविद्यालयात अशी जागा निघणार आहे त्यांनी ती जाहिरातीच्या आधी वाचावी. नंतर वाचून उपयोग नाही.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची ना हरकत, बिंदुनामावलीची म्हणजे आरक्षणाच्या क्रमाची तपासणी, विद्यापीठाकडून जाहिरातीला मंजुरी, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ यांची नावं, हे कार्यालयाला पाठ असतं. दोनच ठिकाणी स्वतः डोकं घाला. जाहिरातीचा मजकूर बहुतेक वेळा मागच्या जाहिरातीवरून उतरवला जातो, म्हणून पात्रतेची ओळ नव्याने वाचा: पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के, आणि 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किमान अट, पीएच.डी. ऐच्छिक. दुसरं म्हणजे सीएसआयआरच्या नेटमध्ये प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र असा वेगळा विषयच नसतो, ‘लाइफ सायन्सेस’ असतो. छाननीला बसणाऱ्याला हे माहीत नसेल तर प्रमाणपत्रावरचा विषय जुळत नाही म्हणून चांगला अर्ज बाजूला पडतो. छाननीच्या दिवशी तिथे बसा.

आता मुख्य गोष्ट. वेळापत्रकात सलग तीन तास. आठवड्यातून दोनदा, निदान एकदा तरी. आणि ते प्राध्यापकालाही मोकळे हवेत आणि मुलांनाही, एकाच वेळी. हे मी विसरले होते. विसरले म्हणण्यापेक्षा, ते होऊन जाईल असं धरून चालले. होत नाही.

हिशोब मांडून बघा. युजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे आठवड्याचा कार्यभार 40 तासांचा आणि सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष अध्यापन 16 तासांचं. कागदावर 24 तास उरलेले दिसतात आणि प्राचार्यांना, संस्थेला, मलाही तेव्हा वाटलं की संशोधनाला भरपूर वेळ आहे. पण हे सोळा तास आठवडाभर शिंपडलेले असतात. सकाळी एक लेक्चर, मग पाऊण तास मोकळा, मग ए बॅचचं प्रॅक्टिकल, मग पुन्हा अर्धा तास, मग बी बॅच. उरलेला वेळ सगळा असा तुकड्यातुकड्यांत. तेवढ्यात पेपर तपासता येतात, जर्नलवर सह्या करता येतात, एखादी मीटिंग होते. जीवशास्त्राचा प्रयोग होत नाही. जिवाणूंच्या वाढीचा आलेख काढायचा तर दर वीस-तीस मिनिटांनी वाचन घेत कित्येक तास एका जागी बसावं लागतं. डीएनए तपासायचं जेल ओतायचं, गोठू द्यायचं, चालवायचं, बघायचं, यात दुपार जाते. नदीकाठी पक्षी मोजायचे तर पहाटे निघून परत यायला अकरा वाजतात. पाऊण तासात यातलं काहीच बसत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. फळमाश्यांचा संकर करायचा तर मादी कुमारी लागते. 25 अंशांना कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तासांच्या आत तिला वेगळी काढावी लागते, नाहीतर ती बाटलीतल्याच नराशी जुगलेली असते आणि पुढचा सगळा प्रयोग फुकट. म्हणजे सकाळी साडेआठला बाटल्या रिकाम्या केल्या, तर त्यानंतर बाहेर पडलेल्या माद्या दुपारी साडेचारच्या आत वेचायच्या. टीवायची एक विद्यार्थिनी रोज सातच्या एसटीने यायची, बाटल्या रिकाम्या करायची, लेक्चरना जायची आणि दुपारी दोनला परत येऊन इथरने बेशुद्ध केलेल्या माश्या पांढऱ्या टाइलवर काढायची. बारीक ब्रशने एकेक माशी उलटी करून पोटाचं टोक काळं आहे का ते पाहायचं, काळं असेल तर नर. तिचा हात छान बसला होता. पण पावणेतीनला एफवायची बॅच यायची आणि तिला तेच स्टिरिओ मायक्रोस्कोप लागायचे. एका दिवशी अर्ध्याअधिक माश्या निवडायच्या राहिल्या होत्या, बाहेर चाळीस मुलं ताटकळली होती आणि टाइलवरच्या माश्या हळूहळू पाय हलवायला लागल्या होत्या. तिने घाईघाईने दिसतील तशा कुप्यांत भरल्या. चार दिवसांनी ज्या कुप्यांत नुसत्या माद्या ठेवल्या होत्या त्यांत अळ्या वळवळत होत्या. संकर गेला. माश्यांची पिढी दहा-बारा दिवसांची, म्हणजे तितके दिवस मागे. त्या सेमिस्टरला हे तीनदा झालं. ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला द्यायचं पोस्टर झालंच नाही. मॅडमनी माझ्याकडे तीन वेळा टाइमटेबल बदलून मागितलं आणि तिन्ही वेळा मी सांगितलं की आता वर्षाच्या मध्ये नाही होणार. ते खरंच होण्यासारखं नव्हतं. म्हणूनच सांगते, आधी.

आधी म्हणजे मे महिन्यात, टाइमटेबल समिती बसण्यापूर्वी. आणि हे एकट्या विभागाच्या हातातलं काम राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात प्राणिशास्त्राचा विद्यार्थी मायनर एका विभागात करतो, खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेत घेतो, कौशल्याचा पेपर तिसरीकडे. तुमची दहा मुलं बुधवारी दुपारी सहा ठिकाणी विखुरलेली असतात. त्यामुळे रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांशी, वाणिज्यच्या मंडळींशी बोलून सगळ्यांनी मिळून एक दुपार मोकळी ठेवावी लागते. चहा पाजा, विनंती करा, त्यांचं एखादं काम अंगावर घ्या, पण ती दुपार मिळवा. शेवटची एसटी किती वाजता सुटते तेही विचारून घ्या. गावाकडून येणाऱ्या मुलींना साडेपाचच्या पुढे थांबता येत नसेल तर तीन ते सहा ही वेळ त्यांच्या उपयोगाची नाही. मग टाइमटेबलवर त्या चौकोनात ‘संशोधन’ असं छापून घ्या. तो रिकामा ठेवू नका. रिकाम्या चौकोनात दुसऱ्याच आठवड्यात कुणाचं तरी जादा लेक्चर बसतं. प्राचार्यांची सही घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा.

पदवीच्या नव्या चौथ्या वर्षाचं बोलणारे भेटतील. युजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांना ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं, त्यात संशोधन प्रकल्पाला 12 क्रेडिट आहेत, विद्यापीठागणिक मांडणी थोडी वेगळी. म्हणजे तेव्हा वेळ आपोआप मिळेल असं वाटतं. पण ज्या मुलाने तीन वर्षांत एकदाही स्वतःचा प्रयोग फसलेला पाहिला नाही, तो चौथ्या वर्षी अचानक संशोधक होत नाही. सलग तीन तास दुसऱ्या वर्षापासून हवेत.

ते ठरलं की मगच उमेदवार कसा हवा याचा विचार करा. ‘संशोधनाची आवड असलेला’ एवढंच मनात धरू नका, आवड सगळ्यांनाच असते. त्याचा विषय पंधरा आठवड्यांच्या सत्रात, नवशिक्या हातांनी, तुमच्या पैशांत पुढे सरकेल का, हे बघायचं. फळमाश्या चांगल्या, कारण त्यांचं खाद्य मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगार यांचं असतं आणि आपल्याच बाजारात मिळतं. फक्त 25 अंशांचा इनक्युबेटर पाहिजे. एप्रिलमध्ये खोलीचं तापमान तिशीच्या पुढे गेलं की नर वांझ होतात. हायड्रा हा गोड्या पाण्यातला छोटा जीवही चांगला, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे. डासांच्या अळ्या, गांडुळं, कोळी, विहिरींचं पाणी, मातीतले जिवाणू आणि त्यांना खाणारे विषाणू, हे सगळं मुलांच्या हाताला झेपतं. उंदरांवर काम करणारा उमेदवार असेल तर नोंदणीकृत प्राणीगृह आणि नीतिमत्ता समिती नसताना तो काय करणार, ते स्पष्ट विचारा. 2014 पासून युजीसीने प्राणिशास्त्रातली विच्छेदनं बंद केली आहेत, तेव्हा जुन्या सवयीने ‘बघू काहीतरी’ म्हणून चालत नाही. अभयारण्यात काम करणारा असेल तर वनविभागाची परवानगी कुणाच्या नावावर आहे, आणि नव्या नोकरीत ती चालेल का, हेही. परवानगीची वाट बघण्यात मुलांचं सत्र संपून जातं.

मुलाखतीत पीएच.डी.ची गोष्ट ऐकत बसू नका. ती त्याने दहा ठिकाणी सांगितलेली असते. एक प्रश्न आठवडाभर आधी सगळ्या उमेदवारांना लेखी पाठवा: दुसऱ्या वर्षाची तीन मुलं, दहा हजार रुपये, दोन मायक्रोस्कोप आणि आठवड्यातले सलग तीन तास, यांत पहिल्या सत्रात काय कराल? उत्तराला कागदाची एक बाजू पुरे. यातून जेवढं कळतं तेवढं शोधनिबंधांच्या यादीतून कळत नाही. एक जण दुसऱ्या संस्थेतल्या यंत्रावर नमुने पाठवायचं लिहितो, दुसरा लिहितो की पहिला महिना मुलांना नुसतं मोजायला शिकवीन, कारण दोघांनी एकच गोष्ट मोजली तरी आकडे वेगळे येतात, ते का येतात तेच आधी त्यांना शोधायला लावीन. मला दुसरा हवा. बघा, त्या प्रश्नात तुम्ही सलग तीन तासांचं वचन देता आहात. टाइमटेबल झालेलं नसेल तर तो प्रश्न पाठवू नका. मी मागच्या वेळी तोंडी असंच वचन दिलं होतं.

डेमो लेक्चर खऱ्या वर्गापुढे ठेवा. समितीच्या पाच जणांना पेशीविभाजन शिकवून काय कळणार? एफवायचा वर्ग बसवा, मराठी माध्यमातून आलेली मुलं पुढच्या बाकांवर बसवा आणि शेवटची दहा मिनिटं मुलांना प्रश्न विचारू द्या. चुकीचं उत्तर आलं तर उमेदवार काय करतो ते बघा. पुढच्या मुलाकडे वळतो की ‘असं का वाटलं तुला?’ म्हणून थांबतो? जो थांबतो तो मुलांबरोबर संशोधन करू शकतो. इंग्रजी संज्ञा मराठीत सोडवून सांगता येते का तेही तिथेच दिसतं. नंतर मुलांना विचारा, मुलं नेमकं सांगतात.

जागा. ओट्याचा एक भाग त्याच्या नावावर, वर्षभर, कुणी प्रॅक्टिकलसाठी न हलवण्याचा. त्यावर अर्थिंगसकट चालू असलेले प्लग, स्वतः टेस्टर लावून बघा. फ्रीज इन्व्हर्टरवर. दोन स्टिरिओ मायक्रोस्कोप बॅचच्या मोजणीतून वगळलेले, आमच्याकडचा निम्मा घोळ तिथे होता. प्रयोगशाळेची किल्ली लॅब असिस्टंट साडेदहाला आणतो, पण माश्या त्याआधी बाहेर पडतात, तेव्हा दुसरी किल्ली करून घ्या आणि ती कुणाकडे राहणार हे लिहून ठेवा. रविवारीही जनावरांना खायला लागतं.

तज्ज्ञांपैकी निदान एक जण स्वतः पदवीच्या मुलांबरोबर काम केलेला असेल तर फार फरक पडतो. ते तुमच्या हातात पूर्ण नसतं, पण जो कागद समितीपुढे ठेवायचा तो तुमच्या हातात असतो. त्या कागदावर तुम्हाला काय हवंय ते चार ओळींत लिहा आणि सोबत सही झालेलं टाइमटेबल जोडा.

रुजू झाल्यावरचं थोडक्यात. पहिल्या वर्षी नॅकच्या म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या कामातला क्रायटेरिया देऊ नका, एनएसएस देऊ नका, परीक्षा विभाग देऊ नका, तरुण आहे म्हणून सगळ्यांना तोच दिसतो. पहिल्या आठवड्यात रसायनांची आणि काचसामानाची ऑर्डर, कारण कोटेशनं आणि मंजुऱ्यांत दोन महिने जातात. भाड्याची खोली बघून द्या. विद्यापीठाच्या मान्यतेची फाइल लवकर पाठवा, पगार त्यावर अडकतो. मुलांची नावं उन्हाळी फेलोशिपसाठी वेळेत पाठवा, होमी भाभा केंद्राच्या कार्यक्रमांची माहिती त्याला द्या. डीबीटीच्या म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेचा प्रस्ताव दुसऱ्या वर्षी, आधी नाही.

आमची जाहिरात अजून निघालेली नाही. बुधवार दुपार एक ते चार, वाणिज्य विभागाने हो म्हटलंय, भौतिकशास्त्राचं उत्तर यायचंय. ते आलं आणि प्राचार्यांची सही झाली की जाहिरातीचा मसुदा विद्यापीठाकडे जाईल.