टोल्युइन हाताळताना या चुका टाळा

टोल्युइन हे रंग आणि थिनरमध्ये वापरलं जाणारं, चटकन पेटणारं द्रावक. त्याच्या भरलेल्या ड्रमजवळ सगळे जपून वावरतात. तोच ड्रम रिकामा झाला की त्यावर बिनधास्त ग्राइंडर चालवतात. खरा धोका नेमका तिथेच आहे. पेट घेते ती वाफ, आणि तीही हवेत साधारण 1.1 ते 7.1 टक्के असेल तेव्हाच. 20 अंश सेल्सिअसला बंद ड्रममध्ये द्रवावरच्या मोकळ्या जागेत जवळजवळ 3 टक्के वाफ साचते, म्हणजे बरोबर या पट्ट्यात. पेट्रोलच्या टाकीत एरवी वाफ इतकी दाट असते की आतल्या आत पेटायला हवाच पुरत नाही. टोल्युइन तेवढीही सवलत देत नाही. फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ निघू लागते ते तापमान, सुमारे 4 अंश, त्यामुळे थंडीचे दिवस आहेत म्हणून गाफील राहण्यातही अर्थ नाही.

200 लिटरचा ड्रम स्फोटक व्हायला तळाशी किती माल उरावा लागतो? साधारण 10 मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. पाण्याने खळबळून काही होत नाही, कारण टोल्युइन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. शिवणीत आणि बुचाच्या आट्यांत ते तसंच राहतं. असा ड्रम कापू नका, वेल्डिंगला घेऊ नका. बूच घट्ट लावून भरलेल्या ड्रमसारखाच ठेवा आणि अधिकृत रिकंडिशनरकडे, म्हणजे जुने ड्रम साफ करून देणाऱ्याकडे पाठवा.

दुसरी मोठी चूक अर्थिंगची. क्लॅम्प लावलेला दिसतो, पण तो रंगावर किंवा गंजावर बसलेला असतो. दात धातूत रुतले नाहीत तर ते अर्थिंग नुसतं दाखवण्यापुरतं. मीटरने तपासा: ड्रमच्या उघड्या धातूपासून अर्थपर्यंत रेझिस्टन्स 10 ओहमच्या आत हवा. टोल्युइन वीज फार कमी वाहून नेतं, त्यामुळे पाइपातून वाहताना तयार झालेला स्थिर विजेचा चार्ज द्रवातच अडकून राहतो. वाफ पेटायला अवघी 0.24 मिलिज्यूलची ठिणगी पुरते. ओतताना बोटाला चटका बसल्यासारखा झटका जाणवला, तर ती ठिणगी याहून मोठी होती असं समजा आणि काम तिथेच थांबवा. कारण शोधलं तर सिंथेटिक कपडे, रबरी तळाचे साधे बूट, दोन भांडी जोडणारी तुटलेली वायर (बाँडिंग वायर), यांपैकी काहीतरी सापडेलच.

क्रमही महत्त्वाचा. आधी दोन्ही भांडी एकमेकांना आणि अर्थला जोडा, मग झाकण उघडा. काम संपल्यावर आधी झाकण लावा, मगच क्लॅम्प काढा. घाईत लोक याच्या उलट करतात, म्हणजे वाफ मोकळी असतानाच क्लॅम्प ओढतात. प्लॅस्टिकच्या बादलीला अर्थ करताच येत नाही, तेव्हा ती या कामात नकोच. वरून धार सोडू नका. पाइप तळापर्यंत न्या आणि त्याचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवा. टाकी भरल्या भरल्या लगेच डिप रॉड (पातळी मोजायची काठी) घालणं हीही जुनी खोड. चार्ज उतरायला वेळ द्या.

वास जात नाही, एक्झॉस्ट फॅन तर चालू आहे, अशी तक्रार असेल तर आधी फॅन कुठे लावलाय ते बघा. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती जमिनीलगत सरकत खड्ड्यात, गटारात, केबल ट्रेंचमध्ये उतरते. छताजवळचा फॅन वरचीच हवा फिरवत बसतो. हवा खालून ओढा, आणि मोटर फ्लेमप्रूफच हवी, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारी.

वास येईनासा झाला म्हणजे हवा साफ झाली, असंही नाही, नाक सरावतं. गॅस मीटर वाचण्यातही गफलत होते. मीटरवर एलईएलचे (वाफ पेटू शकते त्या किमान प्रमाणाचे, इथे 1.1 टक्के) 10 टक्के दिसले की 'अजून बराच वाव आहे' असं म्हणतात. पण त्याचा अर्थ हवेत सुमारे 1,100 पीपीएम (दहा लाख भागांत 1,100 भाग) टोल्युइन आहे, आणि 500 पीपीएमलाच ते जिवाला तातडीचा धोका मानलं जातं. आगीच्या हिशेबाने वाव असेल, माणसाच्या हिशेबाने नाही. डोकं जड होणं, तोल जाणं, उगाच हसू येणं अशी लक्षणं दिसली की त्या माणसाला मोकळ्या हवेत न्या. धुळीचा मास्क इथे कुचकामी आहे.

हातमोजे फुगून लिबलिबीत झाले असतील तर ते लेटेक्सचे असणार. पातळ नायट्राइलही थोडाच वेळ टिकतात. जास्त वेळच्या कामाला व्हायटॉनचे (द्रावकांना दाद न देणाऱ्या खास रबराचे) घ्या. आणि टोल्युइनने हात धुणं बंद करा, कातडीचं तेल निघून जातं आणि भेगा पडतात.

सांडलं तर पाण्याचा पाइप मारून गटारात ढकलू नका, बटणं चालू-बंद करू नका. वाळू किंवा शोषक टाका, ठिणगी न उडणाऱ्या फावड्याने उचला. आग लागली तर फोम किंवा ड्राय पावडर. पाण्याच्या जोरदार धारेने जळता द्रव तरंगत पसरतो. पाणी वापरायचं ते शेजारचे ड्रम गार ठेवायला, तेही लांबून. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी करवू नका; परत येताना ते फुप्फुसात उतरू शकतं. थेट दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना दाखवायला सेफ्टी डेटा शीट (मालासोबत मिळणारं धोक्यांचं माहितीपत्रक) बरोबर ठेवा.