मोटर-पंपाच्या कामावर नवा हेल्पर: या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या रिवाइंडिंग दुकानांपुढं (जळक्या मोटरीत नवी तार भरून देणारी दुकानं) जळक्या मोटरींची रांग लागते. विहिरी-बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं, पंप जास्त वेळ ओढतात, व्होल्टेज पडतं. याच दिवसांत दुकानात एखादं नवं पोरगं हेल्पर म्हणून उभं राहतं. कुणी दहावीनंतर आलेलं, कुणी आयटीआय करता करता, कुणी उद्यमबागेतल्या फौंड्रीची धग सोसेना म्हणून. पहिल्या दिवशी त्याच्या कानावर "पाना दे", "धर", "वढ" एवढंच पडतं. माझ्या बघण्यात हेल्परच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: आधी हात जातो, मग डोळे.

"बंद केलंय की!" यावर विश्वास ठेवणं

शेतावर गेल्यावर पहिला प्रश्न सप्लायचा. शेतकरी बांधावरूनच ओरडतो, "कधीच बंद केलंय की!" आणि हेल्पर स्टार्टरचं, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या पेटीचं, झाकण उघडून बोट घालतो. इथंच सगळ्यात जास्त जीव जातात, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

आपल्याकडं शेतीपंपाला तीन फेज दिवसभर नसते, पाळीनं येते, बऱ्याचदा रात्री. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट आहे, पण ती येईल तेव्हाच वापरायची. रात्री-अपरात्री उठून बटण कोण दाबणार? म्हणून जवळजवळ प्रत्येक पेटीत ऑटो स्टार्टर बसवलेला असतो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. म्हणजे तुम्ही हात घातला तेव्हा करंट नव्हता हे खरं, पण तो शेतकऱ्यानं बंद केला होता की पाळी संपली म्हणून गेला होता, यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारात तो कधीही परत येतो, आणि येताना कुणाला विचारत नाही.

त्यामुळं मेन स्विच बंद, तिन्ही फ्यूज काढलेले आणि ते फ्यूज स्वतःच्या खिशात. पेटीवर ठेवायचे नाहीत, शेतकऱ्याच्या हातात तर अजिबात द्यायचे नाहीत. तो मदत म्हणूनच परत बसवतो. ऑटो स्विच मॅन्युअलवर आणायचा तो वेगळाच. ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज गेला असेल तर हेस्कॉमच्या (इकडची वीज कंपनी) लाइनमनला बोलवा. काठीनं फ्यूज बसवणारे बहाद्दर प्रत्येक गावात असतात, त्यांची बरोबरी करायची नाही.

आता टेस्टर. खिशातला निऑन टेस्टर हे हेल्परचं लाडकं हत्यार, आणि तोच फसवतो. एक फेज गेलेली असली आणि मोटर जोडलेली असली, तर उरलेल्या फेजचा करंट वाइंडिंगमधून (मोटरीच्या आतल्या तांब्याच्या वेढ्यांतून) फिरून मेलेल्या वायरीवर येतो आणि टेस्टर तिन्हीकडं पेटतो. हेल्पर म्हणतो, "मेस्त्री, तिन्ही फेज हायत." नसतात. मल्टिमीटर लावून दोन-दोन फेजमध्ये मोजा, 415 व्होल्टच्या आसपास तिन्ही जोड्या यायला हव्यात. मीटर नसेल तर दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प घ्या. एकच बल्ब दोन फेजमध्ये लावलात तर तो 230 चा असल्यानं फुटतो, आणि काच तोंडावर येते. मीटर किंवा लॅम्प वापरायच्या आधी चालू लाइनवर तपासून घ्यायचा, म्हणजे तोच मेलेला नाही ना ते कळतं. सिंगल फेज मोटर असेल तर सप्लाय काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. त्याची दोन टोकं रेझिस्टर किंवा बल्बमधून जोडून रिकामी करा, मगच हात.

आणखी एक, भाषेचं. गोकाक-बैलहोंगलकडच्या शेतात तुम्ही बोअरच्या तोंडाशी, आणि स्टार्टरपाशी उभा राहिलेला माणूस कन्नड बोलणारा. तिकडून आवाज येतो, "करेंट बंतु!" (करंट आला), इकडचा पोरगा अर्धवट ऐकतो आणि मान हलवतो. लांबून दिसणाऱ्या माणसाला ती मान म्हणजे "चालू कर" वाटते. कामाला लागायच्या आधी चालू-बंदचे शब्द ठरवून घ्या, आणि समोरच्यानं ते परत म्हणून दाखवल्याशिवाय बटणाला हात लावू देऊ नका. मान डोलावणं, हात हलवणं हे इशारे म्हणून धरायचेच नाहीत.

खूण न करता उघडणं

मोटरीची दोन्ही झाकणं सारखी दिसतात, पण असतात असं नाही. उघडायच्या आधी झाकण आणि बॉडी जिथं मिळतात तिथं सेंटर पंचनं खूण करा: एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. बसवताना ठिपक्यासमोर ठिपका आला की संपलं. खूण नसेल तर झाकण थोडं फिरून बसतं, शाफ्ट जड फिरतो, आणि हेल्पर हातोडा उचलतो.

वायरींचा फोटो काढतात हल्ली, चांगली गोष्ट आहे. पण तेलकट मळ बसलेल्या सहा वायरी फोटोत सगळ्याच काळ्या दिसतात. फोटो काढाच, शिवाय दोऱ्यानं गाठी मारा: एक गाठ, दोन गाठी, तीन. टर्मिनलवरच्या तीन पत्त्या उभ्या आहेत की आडव्या रांगेत, हे लिहून ठेवा. उभ्या म्हणजे डेल्टा, एका रांगेत म्हणजे स्टार; वाइंडिंग जोडायच्या या दोन पद्धती. डेल्टाची मोटर चुकून स्टारमध्ये जोडली तर लोड घेत नाही, ओढता ओढता तापते. उलटं झालं तर वाइंडिंगवर व्होल्टेज पावणेदोन पटींच्या जवळ जातं आणि नवी वाइंडिंग त्याच दिवशी वास मारायला लागते. दोन्ही वेळा दोष वाइंडरवर येतो.

जळकं तांबं भंगारात टाकायची घाई

जळकी मोटर उघडली की हेल्पर छिन्नी-हातोड्यानं कॉइल तोडायला बसतो. तांब्याचा भाव चांगला, त्यामुळं हात भराभर चालतो. मेस्त्री संध्याकाळी विचारतो, "टर्न किती होते रे?" म्हणजे कॉइलला वेढे किती, आणि तोपर्यंत सगळं पोत्यात.

आधी नुसतं बघा. स्टारमध्ये वाइंड केलेल्या मोटरीत तीनपैकी दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसरी स्वच्छ दिसली, तर ती सिंगल फेजिंगनं, म्हणजे एक फेज नसताना चालून, गेली आहे. डेल्टात उलट: एक फेज जळालेली, दोन चांगल्या. सगळीच सारखी काळी असेल तर ओव्हरलोड, पडलेलं व्होल्टेज किंवा जाम झालेला पंप. एकाच ठिकाणी भोक पडून तांबं वितळलं असेल तर तिथं इन्सुलेशन फाटलं होतं किंवा पाणी शिरलं होतं. हे न बघता मोटर भरून दिली तर ती महिन्याभरात परत येते, कारण शेतातला अर्धवट फ्यूज किंवा ढिला जोड तसाच राहिलेला असतो. गिऱ्हाइकाला सांगायचं ते हेच: मोटर भरलीय, पण फेज जाण्याचं कारण काढा, नाहीतर प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) बसवा.

मग किमान एक कॉइल अख्खी बाहेर काढा. किती टर्न, कितव्या स्लॉटातून कितव्या स्लॉटात, किती तारा एकत्र, कुठला गेज (तारेची जाडी). गेज मोजताना एनॅमल जाळून पुसून मग मायक्रोमीटर लावा, नाहीतर एक नंबर चुकतो. हे सगळं वहीत, मोटरीच्या पाटीवरच्या एचपी, व्होल्टेज, अँपिअरसकट. ज्या हेल्परकडं अशी वही आहे त्याला वाइंडर व्हायला वेळ लागत नाही. बाकीचे वर्षानुवर्षं इन्सुलेशनचे पेपर कापत राहतात.

बेअरिंगवर हातोडा

बेअरिंग शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवरच पडला पाहिजे. त्या मापाची नळी घ्या, आतल्या रिंगवर ठेवा, वरून ठोका. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की तो मार गोळ्यांमधून आत जातो, रिंगवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणतं. घट्ट असेल तर गरम करून सरकवा, 110 अंशांच्या वर नको. गॅसची ज्योत थेट लावणारे बघितलेत; निळं पडलेलं बेअरिंग फेकून द्यायच्या लायकीचं.

दुकानात बेअरिंग आणायला हेल्परलाच पाठवतात आणि तो चुकीचं आणतो, म्हणून हिशेब लक्षात ठेवा: 04 पासून पुढं शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये. 6205 म्हणजे 25, 6206 म्हणजे 30. 6203 मात्र 17 आणि 6202 हे 15. पुढं झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं. ओल्या जागी रबराचंच.

सबमर्सिबल सोडताना

सगळ्यात महाग चूक इथं होते, कारण खाली गेलेली वस्तू परत येत नाही. बोअरच्या तोंडावर गोणपाट किंवा फळी टाकल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. एक बारा-तेरा पाना केसिंगमधून खाली गेला की तो पंप आणि भिंतीच्या मध्ये अडकतो, आणि पंप ना वर येतो ना खाली जातो. पैसे कोण देणार यावर मग तासभर भांडण.

आत पाणी भरून चालणाऱ्या मोटरीत सोडायच्या आधी स्वच्छ पाणी भरायचं असतं, हलवून हवा काढायची, परत भरायचं. आत तेल असलेली मोटर असेल तर प्रकार वेगळा, पाटी बघा. कोरडी मोटर "जरा फिरवून बघू" म्हणून चालू करायची नाही; आतले बुश पाण्यावरच चालतात. 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) वायर आणि बॉडीमध्ये तपासा. एक मेगओमच्या खाली असेल तर ती मोटर खाली जाणार नाही, मेस्त्री घाईत असला तरी सांगा. दर चार-पाच पाइप गेल्यावर परत मेगर लावा. जॉइंट गळका असेल तर दहाव्या पाइपला कळलेलं बरं, तिसाव्याला कळलं तर सगळं परत वर.

पंप केबलवर लोंबकळत ठेवायचा नाही, एक मिनिटही नाही. दोर वेगळा, क्लॅम्प वेगळा. पाइप मोजताना तोंडी मोजू नका. प्रत्येक पाइप गेला की खडूनं पेटीवर रेघ ओढा. कॉलम पाइप 3 मीटरचा, म्हणजे दहा फुटांच्या जवळपास. जीआय 6 मीटरचा. दोन्ही मिसळलेले असतील तर वेगळ्या रांगा करा. पंप तळाला टेकवायचा नाही, खाली गाळ बसायला जागा सोडायची.

चालू केल्यावर पाणी कमी येतंय म्हणून लगेच पंप वर ओढायला निघू नका. आधी दोन फेज अदलाबदल करून बघा, उलटा फिरत असेल.

आणि काम संपल्यावर, किंवा बोअर कोरडी निघाली म्हणून पंप काढून नेल्यावर, तोंड उघडं ठेवून यायचं नाही. एप्रिल 2017 मध्ये अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला सहा वर्षांची पोर उघड्या बोअरमध्ये पडून गेली. उघड्या बोअरींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश त्याच्याही आधीचे, 2010 चे होते. टोपी मालकानं आणायची असते हे खरं, पण शेवटचा माणूस तिथून तुम्ही उठता. टोपी नसेल तर मोठा दगड, वर काटेरी झुडूप, आणि मालकाला तोंडावर सांगणं.

ट्रिप होतंय म्हणून रिले वाढवणं

स्टार्टर ट्रिप होतो, शेतकरी कटकट करतो, हेल्पर रिलेचा (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या भागाचा) काटा स्क्रू-ड्रायव्हरनं पुढं ढकलतो. गिऱ्हाईक खूश, मोटर आठ दिवसांत दुकानात. किटकॅट फ्यूजमध्ये (चिनी मातीच्या, काढता-घालता येणाऱ्या) तांब्याची जाड तार घालणं ही याचीच सख्खी बहीण. रिले पाटीवरच्या अँपिअरवर लावायचा. तीन फेजला एचपीमागं दीड अँपिअर हा अंदाज बोलण्यापुरता ठीक, सबमर्सिबल त्याहून जास्तही घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये बहुतेक वेळा रिले मोटरीकडच्या वायरीत असतो, तिथं लाइनच्या करंटचा 0.58 भागच जातो. पाटीवर 15 अँपिअर असेल तर रिले 8.7 वर. इथं 15 लावून ठेवणारे जुने मेस्त्रीसुद्धा आहेत, हे हळू आवाजात सांगतो.

पावसाचं थोडक्यात: जूननंतर खानापूर-कणकुंबीकडं पेटीला हात लावायच्या आधी पायात कोरडा रबरी बूट आणि अर्थिंगची वायर खरोखर जमिनीत गेलीय का ते ओढून बघणं. गंजलेल्या नटाखाली नुसती गुंडाळलेली हिरवी वायर म्हणजे अर्थिंग नव्हे.

मीटर न लावता निघून येणं

पाणी आलं की सगळे चहाला बसतात. त्याआधी क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट बघा. एक फेज जास्त दाखवत असेल तर सप्लाय बंद करून मोटरीच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढं सरकवा, म्हणजे फिरण्याची दिशा बदलत नाही. परत मोजा. जास्तीचा आकडा लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर दोष सप्लायचा, हेस्कॉमकडं तक्रार द्या. आकडा मोटरीच्या वायरीबरोबर सरकला तर केबल, जॉइंट नाहीतर वाइंडिंग बघा. शेवटी स्टार्टरच्या झाकणाच्या आत मार्करनं लिहा: तारीख, तीन करंट, व्होल्टेज, किती पाइप, रिले किती. शेतकऱ्याला हे अक्षर लागत नाही, पुढच्या उन्हाळ्यात झाकण उघडणाऱ्याला लागतं, आणि तो बहुतेक तुम्हीच असता.