फुसका बार झाला की या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत इंदूरला सकाळच्या सरावात .22 रायफल झाडताना मुलांची एक तक्रार हमखास येते: ट्रिगर दाबला, काडतुसावर आपटणाऱ्या पिनचा 'टक्' आवाज आला, पुढे काहीच नाही. अशा वेळी हात आपसूक बोल्टकडे (नळीचं मागचं तोंड बंद-उघड करणारा भाग) जातो, आणि सगळ्यात धोक्याची चूक हीच. काडतूस उशिरानेही पेटू शकतं. नळी टार्गेटकडेच धरून ठेवा, निदान 30 सेकंद थांबा, हात वर करून रेंज ऑफिसरला कळवा. मग बोल्ट उघडा, आणि तेव्हाही चेहरा बाजूला ठेवा.

याहून फसवा प्रकार म्हणजे बार वाजतो, पण मवाळ. टार्गेटची .22 काडतुसं मुद्दामच ध्वनीपेक्षा कमी वेगाची, सेकंदाला साधारण 330 मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. त्यामुळे कानाला मुळातच हलका वाटणारा बार आणि खरंच कमी पडलेला बार यातला फरक नवख्याला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या स्क्रीनवर शॉट दिसला नाही की तो मशीनला नावं ठेवतो आणि पुढची गोळी भरतो. पहिली गोळी नळीत अडकलेली असेल तर दुसरीने नळी फुगते, कधी फाटतेही. म्हणून आवाज वेगळा वाटला आणि भोक दिसलं नाही, की तिथेच थांबायचं. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट काढा आणि मागून नळीतून उजेड दिसतो का बघा. दिसला नाही तर स्वतः सळई घालून ठोकाठोक करू नका. रायफल आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. स्पर्धा चालू असली तरी.

न वाजलेलं काडतूस मात्र लगेच नजरेआड करू नका. कडेवर पिनने पाडलेली खूण उजेडात नीट बघा. .22 मध्ये वेगळा प्रायमर (बुडाला बसवलेला, ठिणगी देणारा छोटा भाग) नसतो, पेटणारा मसाला कडेच्या पोकळीत पसरलेला असतो. खूण खोल आणि स्वच्छ असूनही बार झाला नसेल, तर बहुधा त्या जागी मसाला पोचलेला नाही, म्हणजे दोष काडतुसाचा. खूण उथळ असेल तर आधी रायफल तपासा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, मेण आणि काजळी साचली की काडतूस पूर्ण आत बसत नाही. पिनचा अर्धा जोर त्याला पुढे ढकलण्यातच जातो. दुसऱ्यांदा झाडल्यावर तेच काडतूस वाजतं आणि आपण उगीच डब्याला दोष देतो. थंडीत बोल्टमधलं जुनं, घट्ट झालेलं तेलही पिनला अडवतं. ते पुसून काढा, पातळ तेलाचा अगदी हलका हात पुरे. दुरुस्ती म्हणून जास्त तेल ओतणं ही आणखी एक चूक. पिन झिजली आहे का, स्प्रिंग मऊ पडली आहे का, हे त्यानंतरचे प्रश्न.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून एखादा विचारतो, "काका, मोठ्या रायफलच्या हलक्या, कमी दारूच्या काडतुसात पिस्तुलाचा प्रायमर घातला तर?" माझं उत्तर स्पष्ट नाही असंच असतं. लार्ज पिस्टल आणि लार्ज रायफल प्रायमरचा व्यास एकच, 0.210 इंच, म्हणून तो बसतो आणि फसवतो. पिस्टल प्रायमर उंचीला कमी, त्यामुळे खोल बसतो आणि पिनचा फटका कमी पडतो. त्याची टोपीही पातळ असते, दाब वाढला तर भोक पडू शकतं. प्रायमर बदलला की दाबही बदलतो, त्यामुळे दारूच्या मापाचे आधीचे छापील आकडे लागू होत नाहीत. हलक्या काडतुसात झाडल्यावर प्रायमर किंचित बाहेर डोकावतो, तो अनेकदा कमी दाबामुळे. लोक नेमका उलटा अर्थ काढतात. आणि आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम 1959 नुसार गुन्हा आहे, तेव्हा हा प्रयोग घरी करायचाच नाही.

न वाजलेलं काडतूस खिशात घालून घरी नेणारी मुलं मी बघतो, किचेन करायला. ते जिवंत आहे. रेंजवरच जमा करा आणि डब्यावरच्या लॉट नंबरचा फोटो काढून सोबत द्या, म्हणजे त्याच लॉटची बाकीची काडतुसं तपासायला काढता येतील.