गरोदरपणात साताऱ्याहून पुण्याला जाताना

प्रवासाला चौथा ते सहावा महिना बरा. तरी आधी डॉक्टरांना विचाराच. गाडीत सीटबेल्ट हवाच. खालचा पट्टा पोटावर नको, पोटाखाली मांड्यांच्या सांध्याशी घट्ट बसवा. वरचा दोन्ही स्तनांमधून, पोटाच्या कडेने. पट्टा पोटावर असला तर करकचून ब्रेक लागताच सगळा दाब गर्भाशयावर येतो. एसटीत मधली सीट घ्या, मागच्या चाकावर दणके फार बसतात. अंतर ११० किलोमीटरच, पण खंबाटकी घाट उतरल्यावर थांबून पाच-दहा मिनिटं चालाच: बसून पायांत रक्ताची गुठळी होऊ शकते. लघवी तुंबवू नका. फाईल हाताशी ठेवा. रक्तस्राव, पाणी जाणं, सतत कळा: लगेच १०८.